सवलतीची हत्यारे घ्यावीत काय?

आमच्या व्यापारी बंधूंस या लेखाचा विषय पाहून कदाचित नवल वाटेल. धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने तेजीमंदीविषयी लिहावे, साठ्याविषयी लिहावे, फार तर कराविषयी लिहावे. हातोडी, पाना आणि पक्कड यांच्याशी त्याचा संबंध काय? परंतु ज्याचे गुदाम आहे त्यास दरवाजा आहे, दरवाजास कडीकोयंडा आहे, काटा आहे, विजेचा दिवा आहे, पोती शिवावयाची आहेत आणि थप्पी उचलावयाची आहे. या सर्वांस हत्यारे लागतात. आमच्या खतावणीत हा खर्च 'किरकोळ' या खात्यावर पडतो, आणि किरकोळ खात्याकडे वर्षाअखेरपर्यंत कोणी पाहत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र हे खाते आमच्या डोळ्यांत भरू लागले, कारण घरातील तरुण मंडळी प्रत्येक सणास मोबाईलवर एक नवी पेटी दाखवितात. पेटीत शंभरावर नग, छापील किंमत २,९९९ रुपये, सवलत जाऊन ७९९. "आजोबा, एवढ्यात एक चांगला पाना तरी येतो का?" हा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे व त्यास नुसते नाक मुरडून उत्तर देता येत नाही.

प्रथम या सवलतीचेच पाहू. पाकिटावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची पद्धत आपल्या देशात १९९० पासून आली. तिचा हेतू गिऱ्हाइकाकडून अधिक घेतले जाऊ नये हा होता, आणि तो चांगलाच होता. परंतु बहुतेक मालावर ही किंमत छापणारा स्वतः माल विकणाराच असतो, हे व्यापाऱ्यास तरी सांगावे लागू नये. तीन हजार छापून आठशेस विकणे आणि आठशे छापून आठशेस विकणे यांत फरक फक्त शाईचा आहे. आम्ही गव्हाच्या पोत्यावर दुप्पट भाव लिहून मग अर्धा सोडला, तर बाजारात आम्हांस कोणी दुकान चालवू देणार नाही. मग हत्याराच्या बाबतीत तोच प्रकार आपण आनंदाने का स्वीकारावा? यास्तव सवलतीचा आकडा वाचूच नये. हातातून जाणारी रक्कम तेवढी वाचावी आणि तिच्या बदल्यात काय येते ते पाहावे.

आता स्वस्त म्हणजे वाईटच, असेही आमचे म्हणणे नाही. याचा दाखला आपल्या करजणच्या अंगणातच आहे. १८६२ साली श्रीमंत खंडेराव महाराज गायकवाड यांनी डभोई ते मियागाम असा छोटा लोहमार्ग घातला. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते (१८६१ ते १८६५), विलायतेतील गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि आपल्या कानम प्रांतातील काळ्या जमिनीच्या कापसास चांगले दिवस आले होते. रूळ हलके घातले गेले आणि त्यांवरून गाड्या ओढण्यास बैल जुंपले. पुढे १८६३ साली नीलसन कंपनीची वाफेची इंजिने विकत आणली, परंतु हलक्या रुळांस त्यांचा भार पेलेना. इंजिने असूनही गाड्या बैलांनीच ओढल्या. १८७३ साली अधिक मजबूत रूळ पुन्हा घातले, तेव्हा कोठे इंजिने नियमाने धावू लागली.

ही हकीकत ऐकून पुष्कळजण हसतात. आम्हांस मात्र हलके रूळ घालणाऱ्यास सर्वस्वी दोष द्यावासा वाटत नाही. बैलांसाठी ते रूळ पुरेसे होते. सुमारे दहा वर्षे त्यांनी काम दिले. चूक झाली असेल तर ती बैलांच्या रुळांवर इंजिन चढवू पाहण्यात. हत्याराचेही तसेच आहे. त्याची किंमत योग्य की अयोग्य हे त्याच्याकडून काय काम घ्यावयाचे आहे ते ठरविल्यावाचून सांगता येत नाही, आणि आपण नेमके तेच न ठरविता पेटी मागवितो.

आमच्या गुदामात पुष्कळ वस्तू आम्ही स्वस्तातल्याच घेतो. दाभणे घ्या. सुताराचे हत्यार सुतार जपतो, पण दाभण कोणाचेच नसते. ते पोत्यात राहते, सुतळीच्या गुंड्याबरोबर जाते, हमालाच्या पागोट्यात खोवलेले त्याच्या घरी पोचते. हरवणाऱ्या वस्तूस मोल देण्यात अर्थ नाही. घमेली, झाडू, रंगाचा कुंचला जो एकदा दरवाजास रंग देऊन फेकून द्यावयाचा आहे, पुठ्ठ्याची खोकी कापावयाचा चाकू, ही सर्व याच वर्गातली. पहारही तशीच, जाड पोलादी कांबीस बिघडण्यासारखे फारसे काही नसते. वर्षातून एकदा लागणारे एखादे विचित्र आकाराचे हत्यारही स्वस्त घेऊन पाहावे. ते वारंवार लागू लागले आणि मोडले, तर मग कोणते चांगले घ्यावे हे मोडलेल्या हत्याराकडूनच कळते. आणि पोती उचलण्याचा आकडा तर आम्ही विकत घेणेच बंद केले आहे, कारण पोत्यावर 'आकडा लावू नये' असे छापलेले असता तो लावून धान्य सांडण्याचा खर्च आकड्याच्या किमतीहून फार मोठा आहे. हे विषयांतर झाले, तरी ज्यांच्या गुदामात अजून आकडे लटकत आहेत त्यांनी एकदा सांडलेले धान्य झाडून तोलून पाहावे.

याच्या उलट एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या बाजारातील एका पेढीवर गुदामाच्या जुन्या बिजागरीतील खिळा काढावयाचा होता. पेढीत सवलतीत आलेली एक चकचकीत हातोडी होती. एका हमालाने छिन्नी धरली आणि दुसऱ्याने घाव घातला. तिसऱ्या की चौथ्या घावास हातोडीच्या तोंडाचा तुकडा उडाला आणि छिन्नी धरणाऱ्याच्या डोळ्यात गेला. त्यास बडोद्यास नेले, शस्त्रक्रिया झाली, पेढीने सर्व खर्च केला व महिन्यांचा पगारही दिला. डोळा राहिला, दृष्टी पुरती राहिली नाही. थप्पीवर चढून काम करणाऱ्या माणसास एका डोळ्याने खोलीचा अंदाज येत नाही. तो आता खालीच झाडलोट करतो व पूर्वीपेक्षा कमी मिळवितो. हातोडीत वाचलेले पैसे फार तर दीडशे रुपये असतील.

या हकीकतीतून आमच्या मनात जी गोष्ट पक्की बसली ती अशी : हत्यार विकत घेणारा एक असतो आणि वापरणारा दुसरा. गादीवर बसून आपण मोबाईलवर किंमत पाहतो. घाव घालतो तो मुकादम, शिडीवर चढतो तो हमाल, जॅकच्या बाजूस गाडीखाली हात घालतो तो गाडीवान. सवलत आपल्या खात्यात जमा होते आणि धोका त्यांच्या अंगावर नावे पडतो. हा जमाखर्च जुळत नाही. म्हणून आम्ही असा दंडक घातला आहे की ज्या वस्तूवर माणसाचा जीव किंवा अवयव टांगलेला आहे ती वस्तू निवडताना किमतीचा विचार शेवटी करावयाचा. शिडी, जॅक, दोर, साखळी, घाव घालण्याची व घाव सोसण्याची हत्यारे आणि विजेस लागणारे सर्व काही त्यात येते. विजेच्या 'टेस्टर'चेच पाहा. घरोघरी तो असतो, आणि गृहिणीही फ्यूज गेला की तो हातात घेतात. त्यातील छोटा दिवा पेटतो तो आपल्या शरीरातून जाणाऱ्या अत्यल्प प्रवाहाने. तो प्रवाह अत्यल्प राहतो कारण आत एक रोधक बसविलेला असतो. त्या रोधकाच्या भरवशावर आपण बोट टेकवितो. तो कोणी, कसा बसविला याचा पत्ता नसलेला टेस्टर फुकट मिळाला तरी घरात ठेवू नये.

दुसरा वर्ग मापनाच्या साधनांचा. येथे अंगास इजा होत नाही, पण व्यापारास होते, आणि ती दिसत नाही हे अधिक वाईट. धान्यातील ओलावा मोजण्याची छोटी यंत्रे आता फार स्वस्त मिळू लागली आहेत. सरकारी खरेदीत गव्हाचा ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, पुढे १४ पर्यंत वजावट होते आणि त्यावर माल नाकारला जातो, हे आपणांस ठाऊक आहेच. आता समजा, खरा ओलावा १३ टक्के असलेला १०० क्विंटल गहू आपण घेतला आणि स्वस्त यंत्राने तो १२ दाखविला. त्या मालात कोरडे धान्य ८७ क्विंटल. तोच माल खरोखर १२ टक्क्यांवर सुकला की वजन भरेल ९८ क्विंटल ८६ किलो. म्हणजे यंत्राच्या एका टक्क्याच्या चुकीने सुमारे ११४ किलो पाण्याचे पैसे आपण गव्हाच्या भावाने दिले. क्विंटलचा भाव अडीच हजार धरला तर एका शंभर क्विंटलांमागे २,८०० रुपयांवर तोटा. दोनशे क्विंटलांच्या ट्रकवर त्याची दुप्पट. यंत्र घेताना तीन हजार वाचविले म्हणून जो संतोष पावला त्याचे ते तीन हजार पहिल्याच ट्रकबरोबर गेले. बरे, चूक उलट दिशेस असेल तर शेतकऱ्याचे नुकसान होते आणि पुढील हंगामात तो दुसऱ्या पेढीची पायरी चढतो.

म्हणून असे यंत्र घ्यावयाचे तर एकाच नमुन्याचे तीन वेळा मोजमाप करून पाहावे. तीन वेळा तीन आकडे आले तर ते यंत्र दुकानातच ठेवून यावे. नंतर तोच नमुना डबीत घट्ट बंद करून प्रयोगशाळेत भट्टीत सुकवून मोजून घ्यावा व यंत्राचा आकडा ताडून पाहावा. गहू, तूर आणि ज्वारी यांसाठी यंत्राची वेगवेगळी जुळणी असावी लागते. सर्व धान्यांस एकच आकडा दाखविणारे यंत्र धान्याच्या व्यापाऱ्यासाठी केलेले नाही.

काट्यांविषयी फार लिहीत नाही, कारण येथे कायदाच निर्णय देतो. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली, तेव्हा शेर-मण मोडून किलो बसविताना आमच्या वडील मंडळींस काय कष्ट पडले ते ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. सध्याचा वैध मापनशास्त्र कायदा २००९ चा असून तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. त्याखालील नियमांप्रमाणे वजने व दांडीचा तराजू यांची दर दोन वर्षांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. मोबाईलवर मिळणारे घरगुती काटे स्वयंपाकघरात रव्याचे माप घेण्यास खुशाल वापरावेत. शिक्का नसलेला काटा पेढीवर मांडणे म्हणजे सवलतीत गुन्हा विकत घेणे होय.

राहिली ती मधली हत्यारे, ज्यांवर जीवही टांगलेला नाही आणि मापही अवलंबून नाही : पाने, पक्कड, करवत, कानस आणि ज्यास आपल्याकडे सर्रास 'डिसमिस' म्हणतात तो स्क्रू ड्रायव्हर. येथे मात्र डोळे आणि हात यांचा उपयोग करावा. आपण मूठभर तूर तळहातावर घेऊन तिचे गाव सांगतो. मग लोखंड पारखता येऊ नये असे नाही. पक्कड मिटून उजेडाकडे धरावी. टोकाशी जबडे पूर्ण मिळाले पाहिजेत, सांध्यात हालचाल सैल नसावी आणि कडकही नसावी. पाना प्रत्यक्ष नटावर बसवून पाहावा. सैल पाना नटाचे कोपरे खातो, आणि कोपरे गेलेला नट काढण्यास मिस्त्री जे मागेल ते द्यावे लागते. सरकत्या जबड्याच्या पान्यात तर हा दोष फारच आढळतो. डिसमिसचे टोक स्क्रूच्या खाचेत चपखल बसते की नाही व थोडा जोर देताच पिळते की काय हे दुकानातच कळते. हातोडीचा दांडा डोक्यात पाचरीने घट्ट आहे काय ते पाहावे. घडीव आणि ओतीव लोखंडातील भेद ओळखावयास शिकावे : ओतीव वस्तूवर साच्याच्या सांध्याची रेघ व बारीक खळगे राहतात, आणि वरून दिलेला चकचकीत मुलामा ते झाकण्यासाठीच पुष्कळदा असतो. चकाकी हा गुण नव्हे. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे कोरणे कोणासही जमते; त्यांवर विसंबू नये. भारतीय मानक ब्यूरोची चिन्हे मात्र पाहावीत. पोलादी हातोड्यांसाठी आय. एस. ८४१ व पकडींसाठी आय. एस. ३६५० अशी मानके आहेत, आणि चिन्हाखाली परवाना क्रमांक असल्यास तो ब्यूरोच्या मोबाईल ॲपवर ताडून पाहता येतो.

जाता जाता : पोलादी टेपच्या टोकाचा आकडा किंचित हलतो म्हणून पुष्कळजण तो परत करतात. तो हललाच पाहिजे. आतून मोजताना व बाहेरून मोजताना आकड्याच्या जाडीएवढा फरक पडतो, तो त्या हालचालीने भरून निघतो. दोष समजून परत केलेली चांगली वस्तू आणि गुण समजून ठेवलेली वाईट वस्तू, दोन्ही आम्ही पाहिल्या आहेत.

आपल्या तरुण मंडळीत असाही एक समज आहे की अमुक देशाचा माल म्हणजे टाकाऊ. इतिहास तसे सांगत नाही. १८७६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले, तेथे आलेल्या जर्मन मालास जर्मनांच्याच प्रतिनिधीने, फ्रान्झ रूलो या यंत्रशास्त्राच्या प्राध्यापकाने, स्वस्त व निकृष्ट ठरविले. इंग्रजांनी १८८७ साली कायदा करून परदेशी मालावर देशाचे नाव घालणे भाग पाडले, ते गिऱ्हाइकाने असा माल टाळावा म्हणून. पुढे त्याच जर्मनीच्या नावावर हत्यारे चढ्या भावाने विकली जाऊ लागली. म्हणून देशाच्या नावापेक्षा कारखान्याचे नाव व पत्ता पाहावा. आपल्याकडे पाकिटावर उत्पादक, पॅक करणारा किंवा आयात करणारा यांचे नाव व पत्ता असणे बंधनकारक आहे, आणि १ जानेवारी २०१८ पासून हा तपशील संकेतस्थळावरही दाखवावा लागतो. जो आपले नाव लिहावयास लाजतो त्याचा माल आम्ही पारखतही बसत नाही. देशी हत्यारांत जालंदर, लुधियाना आणि नाशिक येथील माल चांगला निघतो. आमच्या पेढीत पंधरा-वीस वर्षे हाताळलेले पाने आहेत. त्यांची किंमत वर्षांनी भागली तर चहाच्या पेल्याइतकीही पडत नाही.

महाग वस्तू शेवटी स्वस्त पडते हे पटविणे मात्र सोपे नसते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा गावच्या सुताराकडून बलुत्यात मिळणारा लाकडी नांगर सोडून तो घ्यावयास शेतकरी तयार होईना. लोखंडाने जमिनीस विष चढेल अशीही समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. नांगराचा काळ फार दूरचा वाटेल, पण आमच्या मुनीमजींस साडेपाचशेचा पाना मंजूर करवून घेताना आम्हांस लक्ष्मणरावांची आठवण होते.

बिलाविषयी दोन शब्द. पेढीच्या नावे घेतलेल्या हत्याराबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागू असे कोणी गृहीत धरू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी प्रयोजनाने घेतलेला माल वगळला आहे. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः वापरावयास घेतलेल्या मालास तेवढी सूट आहे. म्हणजे दुकानदाराचा शब्द व लेखी हमी हाच आपला आधार, आणि तो आधार करजणच्या किंवा बडोद्याच्या ओळखीच्या दुकानात जितका भक्कम, तितका पेटी पाठवून अदृश्य होणाऱ्याकडे नाही. तसेच आपल्यापैकी जे केवळ करमुक्त सुटे धान्य विकतात त्यांस हत्यारावर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट मिळत नाही. तेव्हा कर धरूनच किंमत मोजावी.

या वर्षी आमच्यापुढे प्रश्न आहे तो पोती शिवण्याच्या हातयंत्राचा. एक सवलतीतले आहे, दुसरे त्याच्या अडीचपट किमतीचे. आम्ही दोघांसही एकच विचारले : सुई, पट्टा आणि टाका पाडणारा आकडा हे सुटे भाग बडोद्यात कोणाकडे मिळतात व बिघडल्यास कोण दुरुस्त करतो? महाग यंत्राच्या विक्रेत्याने दुकानाचा पत्ता दिला. दुसऱ्याने सांगितले की बिघडल्यास नवे पाठवू. तुरीची आवक जोरात असताना, दारात तीन ट्रक उभे असताना, नवे यंत्र आठ दिवसांनी येणार. मुलांनी हिशेब केला आणि महाग यंत्राची मागणी नोंदविली. सवलतीतले यंत्र घ्यावयाचेच असेल तर दाभणे भरपूर घेऊन ठेवा, असे मुकादमानेच त्यांस सांगितले होते.